अर्धा नंबर मोठे

“तो बघ, आला. पाय नऊ नंबरचा, बूट आठचा आणि तोंडावर वाजलेत बारा,” काकू म्हणाल्या.

समोरून एक गृहस्थ धापा टाकत पळत येत होते. जवळ आल्यावर त्यांनी हात हलवून नमस्कार केला. काकूंनी त्यांच्या बुटांकडे बघून मान डोलावली. चेहऱ्याशी काकूंचा परिचयच नव्हता.

“आई, हळू बोला ना. ऐकू जाईल,” बरोबर चालणारी सून म्हणाली.

“जाऊ दे की. पाय आवळले की कानही बधिर होतात.”

वसाहतीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की हे जंगल लागायचं. जंगल म्हणजे कुंपण घालून पाळलेलं जंगल. झाडांच्या गळ्यात नावाच्या पाट्या, मधोमध तळं, तळ्यावर लाकडी पूल, आणि वाघाऐवजी सकाळ-संध्याकाळ मोकळी सुटणारी माणसं. मनगटावरच्या घड्याळाला विचारून चालणारी, झाडाला मिठी मारून फोटो काढणारी, हवा शुद्ध आहे हे एकमेकांना ओरडून सांगणारी. काकूंना त्यातलं एकही पसंत नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या हिशेबी दोन्ही कार्टीच.

त्याला कारणही होतं. काकूंनी उभी हयात बुटांच्या दुकानात काढली होती, तीही गल्ल्यावर नव्हे, गिऱ्हाइकाच्या पायाशी, बुटक्या स्टुलावर. जगाकडे खालून पाहिलं की जग काही फार मोठं दिसत नाही. माणसं वय आणि पायाचं माप कधी खरं सांगत नाहीत, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पुढं त्यांनी मोज्यांचं शास्त्र बसवलं. अंगठ्याशी भोक असेल तर माणूस हट्टी, टाचेशी असेल तर बायको माहेरी गेलेली. हे कितपत खरं ते देव जाणे. पण एका जाडजूड साहेबाची टाच बघून काकूंनी “वहिनी परत कधी येणार?” असं विचारलं आणि साहेब खुर्चीतच हुंदके द्यायला लागला, हे दुकानातल्या चौघांनी डोळ्यांनी पाहिलंय. निदान दोघांनी तरी.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, आता यापुढं कुणाच्या पायाशी बसणार नाही. निरोपाच्या वेळी मालकाच्या हातातलं पेन त्यांच्याच पायापाशी पडलं. काकूंनी ते बघितलं, मालकाकडं बघितलं आणि पेनला वळसा घालून घरी निघून गेल्या.

ही सूनही दुकानातलीच. लोक सुनेचा पायगुण बघतात, काकूंनी पाय बघितला होता. एक मुलगी खुर्चीत बसली आणि म्हणाली, “माझा डावा पाय मोठा आहे, त्याच्या मापानं द्या.” एक पाय मोठा सगळ्यांचाच असतो, पण तोंडानं कबूल करणारी ही पहिलीच. काकूंनी तिला बूट दिले आणि खटपटी करून मुलगाही दिला. बूट पुष्कळ टिकले. मुलानं काही वर्षांत दुसरीकडं घर केलं, हिला घटस्फोट दिला आणि मग आईला नव्या घरी घेऊन गेला.

त्यानंतर सून पहिल्यांदा इथं भेटली तेव्हा तिनं चाचरत “काकू” म्हणून हाक मारली होती.

“काकू मला सगळी वसाहत म्हणते,” काकू म्हणाल्या होत्या. “घटस्फोट माझ्या पोरानं घेतलाय. मी कुठं सही केलीय?”

तेव्हापासून हे चालणं सुरू होतं. घरी सांगायचं, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय. खोटं बोलायचं तर त्यात थोडं खरं असावं, म्हणून गुडघे दुखतही होते.

पुलावर आल्यावर काकू थांबल्या. मघापासून त्यांच्या कानाला काहीतरी खटकत होतं. सुनेची टाच दर पावलाला बुटातून उचलली जात होती आणि परत बसत होती. चप्, चप्.

“नवे बूट,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“अर्धा नंबर मोठे.”

“असतील.”

“असतील काय? आहेत. कुणी घेतले?”

“मीच.”

“तू तुझं माप कधी चुकली नाहीस. हे कुणीतरी अंदाजानं घेतलेत, तुला न विचारता. कोण आहे हा बिनडोक?”

सून कठड्याला टेकली. “चष्म्याच्या दुकानात असतात ते. लोकांचे डोळे तपासतात.”

“आणि स्वतःचे कधी तपासणार?”

सून हसली, मग हसायची थांबली. “आई, लग्न करतोय आम्ही. त्यांना दुसऱ्या शहरात दुकान मिळालंय. महिनाअखेरीस निघायचं.”

काकूंनी खाली पाण्यात पाहिलं. “ही बदकं बघ. जन्म पाण्यात गेला, पण पाय मळके ते मळकेच.”

“रविवारी त्यांना घेऊन येते. तुम्ही बघा.”

“मी कोण बघणारी? आणि नको म्हटलं तर? मोडशील?”

“मोडणार नाही. पण तुम्ही बघितल्याशिवाय मला जाववणार नाही.”

“मागच्या वेळी मीच पसंत केला होता ना? काय दिवे लावले?”

“म्हणून तर म्हणते,” सून म्हणाली. “या वेळी तुम्ही नीट बघाल.”

घरी मुलगा दारात बूट घालत होता. म्हणजे लेस न सोडता, टाचा चिरडून पाय आत सारत होता. लहानपणापासून तो हेच करत आला. दोन महिन्यांत बुटांच्या चपला व्हायच्या आणि हा म्हणायचा, कंपनीच भिकार.

“कोण भेटलं का जंगलात?” त्यानं विचारलं.

“झाडं भेटली. तुला विचारत होती.”

“आई, तू पण ना,” असं म्हणत तो टाचा फरफटत गेला. नवी सून आतून “आई, चहा ठेवलाय हं” म्हणाली. वाईट मुलगी नव्हती ती. पाय मात्र कायम मऊ सपातांत झाकलेले, त्यामुळं काकूंचं तिच्याबद्दल अजून काही मत झालं नव्हतं.

शनिवारपर्यंत काकूंनी चष्मेवाल्याला मनातल्या मनात चार वेळा नापास केलं. टोकदार बूट घालून येईल, म्हणजे भपकेबाज. पॉलिश फक्त पुढून केलेलं असेल, म्हणजे लबाड. त्यांना एकच दोष हवा होता. मोडणार नाही असं सून म्हणाली खरी, पण आपण नाक मुरडलं तर तिचं पाऊल अडखळेल, हे काकूंना ठाऊक होतं. ते अडखळावं असं आपल्याला वाटतंय, हेही ठाऊक होतं. ती गेली की मग कुणाशी बोलायचं? झाडांच्या गळ्यातल्या पाट्यांशी?

तरी शनिवारी दुपारी त्यांनी कपाटातून जाड लोकरीचा जुना नमदा काढला, टाचेच्या आकाराचे दोन तुकडे कापले आणि पिशवीत टाकले. द्यायचे की नाही, ते ठरलेलं नव्हतं.

रात्री पाऊस पडून गेला होता. रविवारी काकू तळ्याजवळच्या बाकावर न्यायाधीशासारख्या बसल्या. वळणावरून दोघं आली. त्याला टक्कल पडायला लागलंय, नाकावर चष्म्याचा वळ आहे, हे सगळं त्यांना नंतर दिसलं. आधी त्यांनी खाली पाहिलं.

तपकिरी बूट, लेसचे. सोल एकदा बदललेला. टाचा ताठ उभ्या. उजवा बूट कोरडा आणि डावा घोट्यापर्यंत चिखलानं बरबटलेला. सुनेचे बूट दोन्ही स्वच्छ.

“डावीकडं काही पुरून ठेवलंय का?” काकूंनी विचारलं.

“अं?”

“एकच बूट चिखलात घातलात.”

त्यानंही मग खाली पाहिलं, जणू तो बूट दुसऱ्याच कुणाचा होता. “वाट अरुंद आहे ना. कोरडी जागा दीड माणसापुरतीच होती.”

“मग एकामागं एक चालायचं.”

“पण मग बोलणार कसं?”

काकूंनी पुन्हा त्या बरबटलेल्या बुटाकडं पाहिलं. त्यांचा मुलगा लग्न झाल्यापासून चार पावलं पुढंच चालायचा. मागून ही बोलत असायची, त्याच्या पाठीशी.

“चष्मेवाले,” त्या म्हणाल्या, “माप काही घेता येत नाही तुम्हाला.”

“नाही येत,” तो म्हणाला. “दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. हीच देत नाही.”

“का गं?”

“मला आवडलेत,” सून म्हणाली.

“आवडलेत म्हणे. पडशील तोंडावर तेव्हा कळेल. बस इथं.”

सून बाकावर बसली. काकू उठल्या, बाकाची कड धरली आणि आधी एक, मग दुसरा असे दोन्ही गुडघे त्यांनी ओल्या मातीत टेकले.

“आई, हे काय? उठा. लोक बघतायत.”

“बघू देत. यांच्या बापजाद्यांनीही मला असंच बघितलंय. पाय पुढं कर.”

त्यांनी डावा बूट काढला. नमद्याचा तुकडा टाचेपाशी बसवला, बोटानं दाबून बघितला. पाय आत घेतला, टाच हलकेच मागे ठोकली. लेस ओढत ओढत वर आणली आणि कुणी कधी वापरत नाही त्या शेवटच्या भोकातून आत घेऊन घोट्याभोवती आवळली. मग उजवा. बोलणं तेच, दुकानातलं, हळू आवाजात. “अंगठा हलव. टाच उचल. कुठं टोचत नाही ना?”

“नाही,” सून म्हणाली.

“चालून बघ.”

ती पुलापर्यंत गेली आणि परत आली. आवाज येत नव्हता. काकूंनी कान देऊन ऐकलं, नाहीच आला.

“बसले,” त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यानं हात पुढं केला. “या, उठवतो तुम्हाला.”

“माझी मी उठेन. तुम्ही तिच्याबरोबर चाला. आणि परत जाताना उजवा बूट घाला चिखलात. निदान जोडी सारखी दिसेल.”

सून वाकली, काकूंच्या खांद्यावर तिनं क्षणभर हात ठेवला. “जा आता,” काकू बुटांकडं बघत म्हणाल्या. दोघं गेली. वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत काकू तशाच बसून राहिल्या, कारण उठणं जमत नव्हतं आणि ते दोघांना दिसायला नको होतं.

आठ नंबरचे बूट धापा टाकत जवळ येऊन थांबले. “काही हरवलं का काकू?”

“नऊचे घ्या,” काकू म्हणाल्या. “आणि हात द्या जरा.”

घरी मुलगा सोफ्यावर पडला होता. फोनमधून मान वर करून त्यानं आईच्या गुडघ्यांवरची लाल माती पाहिली. “पडलीस का कुठं?”

“नाही रे. कामावर गेले होते.”

“अगं, निवृत्त होऊन किती वर्षं झाली तुला,” तो हसला आणि परत फोनमध्ये गेला.

काकू दारातल्या स्टुलावर बसल्या. लेस पूर्ण सोडून त्यांनी आपले बूट काढले आणि भिंतीला लावून ठेवले. शेजारी मुलाचे होते, टाचा आत दुमडलेले. त्यांनी बोट घालून एक टाच वर केली, मग दुसरी. घटकाभर दोन्ही उभ्या राहिल्या. मग आधी डावी पडली, मागोमाग उजवी.