श्वास घेणारा दगड

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेचा कटोरा, त्यात पाणी, पाण्यात शंखाचा ठसा असलेला दगड. दगडातून बुडबुडे निघाले आणि गर्दी उठून उभी राहिली.

"पाहा! ज्या उतारावरचा हा दगड, त्याच उताराखाली लेकरू श्वास घेतंय!" श्वासबाबा गरजले. "विज्ञान थकतं, तिथे आम्ही सुरू होतो!"

बाबा थकणार कसे? तो उतार ते एकदाही चढले नव्हते.

पहिल्या रांगेत माझी ताई हात जोडून बसली होती. तिचा एकुलता मुलगा जीवाश्मांपायी वेडा. डोंगराच्या खड्या उतारावर सुट्या दगडांचा खच असतो. त्यात लाखो वर्षांपूर्वीचे शंख शोधत तो तासन्‌तास रमायचा. गेल्या महिन्यात तो खच घसरला आणि माझा भाचा त्याखाली गेला. शोधपथकाने हात टेकले. देह सापडला नाही, आणि तिथेच बाबांचं फावलं.

तेव्हापासून ताई रोज तिथे जाऊन हातांनी दगड उपसायची. वरून दगड निसटतच होते. काल एक तिच्या खांद्यावर बसला. उद्या डोक्यात बसला असता. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, पण घरची म्हैस आणि ताकाला महाग, तशी गत. ती माझं ऐकेना.

मी मंचावर चढलो. "बाबा, माझाही दगड टाकू?"

"श्रद्धेने टाक, बाळा!"

बुडबुडे आले. जयजयकार झाला.

"हा भाच्याच्या कपाटातला," मी म्हणालो. "त्याने दोन वर्षांपूर्वी आणला, तेव्हा उताराखाली कुणीच नव्हतं; तो घरी आईशी भांडत होता. मग हा कुणाचा श्वास?"

नंतर मी खिशातून आणलेलं अंड्याचं टरफल टाकलं. तेही फसफसलं.

"कोंबडीही गाडली गेली की काय?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मला हसू आलं नाही.

मी बोट बुडवून चाखलं. "आंबट आहे. अत्तर मारलेलं कडक व्हिनेगर. हे दगड चुनखडीचे. आम्ल लागलं की त्यांतून वायू सुटतो. घरी करून बघा."

"नास्तिका, आईची आशा मारलीस!" बाबा ओरडले आणि मंचामागून सटकले. त्यांचं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

ताई वर आली. मला वाटलं, कानाखाली वाजवणार. तिने स्वतः बोट बुडवून चाखलं.

"म्हणजे तो... नाही?"

"नाही, ताई."

"आईने डोळ्यांतून पाणी काढलं तर लेकराचा श्वास अडकेल, बाबा म्हणाले होते. महिनाभर सगळं गिळलंय रे." तिने माझी बाही धरली. "आता रडू?"

मी तिला जवळ घेतलं. दोघेही तिथेच खाली बसलो.

बुडत्याला काडीचा आधार, हे मलाही कळतं. तरी सांगतो, कुणी चमत्कार दाखवला तर दुसरा दगड टाकून बघा. उत्तर सोसवणार नाही कदाचित. माझ्या ताईला मुलगा परत मिळाला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती उतारावर गेली नाही; घरी बसून पोटभर रडली.