सोबतची बाई

"सोबतच्या बाईंनी बाही वर करा," परिचारिका वर्षाली म्हणाली. "तुमचंही रक्त हवंय."

सोजराबाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. मोशीहून ती रोज किरणांच्या शेकाला यायची, धाकटी जाऊ कौशल्याबाई सोबत असायची. दवाखान्यात अशा बायकांच्या रक्ताचा अभ्यास चालला होता. आजाराने शरीराला आतून लोखंडासारखा किती गंज चढतो आणि तो रोखायची शरीराची ताकद किती उरते, हे त्यात बघत. ताडून पाहायला त्याच वयाच्या निरोगी बायका लागत. आता धडधाकट बाई सुई टोचून घ्यायला आपणहून कशाला येईल? म्हणून वर्षाली सोबतच्या बायकांनाच धरायची.

"आमचा पोरगा निरंजन चाकणला पत्र्याला रंग मारतो, गंज लागू नये म्हनून," सोजराबाई म्हणाली. "मला आतून रंग कोन मारनार?"

वर्षाली हसली. मग कौशल्याबाईला म्हणाली, "आधी आतली तपासणी करून घ्या. निरोगी आहात हे कळायला हवं."

कौशल्याबाईने बाही खाली ओढली. "रक्त घ्या. तपासनी न्हाई."

दोघी जावांचा संसार एकाच चुलीवर झाला होता. एकीचं गप्प बसणं दुसरीला बरोबर कळायचं.

"अंगावरून जातंय का गं?" सोजराबाईने विचारलं.

"थोडं. तुमच्या दुखन्यात माझं कुठं सांगत बसू?"

सोजराबाई घाबरली. स्वतःच्या आजाराला ती एवढी घाबरली नव्हती. तिनेही असंच सगळं अंगावर काढलं होतं.

"तू आत जा. तवर मी शेकाला जायची न्हाई."

"अक्का, नंबर जाईल."

"जाऊ दे."

कौशल्याबाई गेली. डॉक्टरीणबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाशी डाग दिसला. तुकडा तपासायला पाठवला. असलंच काही तर अगदी सुरुवातीचं, बरं होण्यासारखं आहे, असं त्या म्हणाल्या.

"आता तुमचं रक्त चालणार नाही," वर्षाली ओशाळून म्हणाली.

"नगं चालू दे," सोजराबाई म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं, आणि जावेचा थोडा हेवाही.

"अक्का, घरी काय सांगायचं?"

"भावजींना मी सांगते. तू बोलू नगंस. माझ्या वक्ताला बोलायला कुनी न्हवतं."

शेकाच्या खोलीतून सोजराबाईचं नाव पुकारलं. कौशल्याबाई रोजच्यासारखी हात द्यायला उठली.

"बस तू," सोजराबाई म्हणाली. भिंतीला धरून ती आपली आपण उठली आणि आत गेली.