एका आवर्तनाचा उशीर

शलाकाकडे तपासायला आलेल्या बत्तीस ध्वनिफितींपैकी एकोणिसाव्या फितीवर आधीच शेरा मारलेला होता: ‘गाणं नाही. नुसती खरखर.’

फेब्रुवारी २०२१ची गोष्ट. पार उत्तरेकडच्या, ध्रुवाजवळच्या गावांतल्या गायकांची एक स्पर्धा दर दोन वर्षांनी नॉर्वेत भरायची. करोनामुळे आता कुणालाच प्रवास करता येत नव्हता, म्हणून या वर्षी सगळे आपापल्या गावातून गाणार होते. ती गाणी इंटरनेटवरून गोळा करून थेट दाखवण्याचं काम आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागातल्या एका छोट्या कंपनीला मिळालं होतं. आवाज तपासायला कंपनीला सहा आठवड्यांसाठी माणूस हवा होता. शलाकाने अर्ज केला आणि तिला चक्क होकार आला.

पुण्यात ती आठ वर्षं एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होती. नवऱ्याला, सुबोधला, लायडनला संशोधनाची जागा मिळाली तेव्हा सगळे हार्लेमला आले. त्याला आता चार वर्षं होत आली होती. इथे तिने पाठवलेल्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर यायचं, डच शिका आणि मग या. ती डच शिकली. तोवर जग बंद पडलं. हे काम मिळाल्यावर तिने माळ्यावर वॉशिंग मशीनशेजारी टेबल मांडलं आणि घरात जाहीर केलं, “मी वर असेन तेव्हा कपडे धुवायचे नाहीत.”

एकोणिसावी फीत तिने पुन्हा लावली. खरंच खरखर होती. अधूनमधून एखादा श्वास ऐकू यायचा आणि तुटायचा. पण तो तुटत होता ठरावीक जागी. तिच्या लक्षात आलं की कंपनीचा फिल्टर पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप पुसतो, आणि इथे तो गाणंच पुसतोय. तिने फिल्टर काढून मूळ फीत ऐकली.

दोन बायका गात होत्या. शब्द नव्हते. घशातून, पोटातून येणारे आवाज होते. एकीचा श्वास संपायचा तिथे दुसरीचा सुरू व्हायचा. वाऱ्यासारखं काही, करवतीसारखं काही. वेग वाढत गेला आणि शेवटी दोघी खदखदून हसल्या. शलाकाने ती फीत चार वेळा ऐकली. मग शेरा खोडून लिहिलं, ‘गाणं आहे. उत्तम आहे. फिल्टर लावू नये.’

गाणाऱ्या बहिणी होत्या, कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावरच्या. थोरली एलिसापी दवाखान्यात दुभाषी होती, धाकटी मीका शाळेत शिकवायची. पुढच्या आठवड्यात रंगीत तालमीसाठी त्या पडद्यावर आल्या तेव्हा वेगवेगळ्या चौकटींत दिसल्या.

“तुम्ही एकत्र नाही?” शलाकाने इंग्रजीत विचारलं.

“ती फीत जुनी,” एलिसापी म्हणाली. “मीकाचं गाव माझ्या गावापासून तीनशे किलोमीटर. मध्ये रस्ता नाही, विमानं बंद. आम्ही वर्षभर भेटलेलो नाही.”

हे गाणं समोरासमोर उभं राहून, एकमेकींचे दंड धरून गायचं असतं. एक पुढे जाते, दुसरी तिच्या आवाजातल्या फटी भरते, आणि जी आधी हसेल ती हरते. पाद्र्यांनी एके काळी ते बंद पाडलं होतं. या दोघी ते मावशीकडून चोरून शिकल्या होत्या.

तालीम सुरू झाली आणि चारच श्वासांत कोसळली. उपग्रहावरून एकीचा आवाज दुसरीकडे पोचायला सेकंदभर लागत होता. फट भरायला पाठवलेला श्वास बरोबर दुसरीच्या श्वासावर आदळत होता. तिसऱ्या प्रयत्नानंतर मीकाने मान खाली घातली.

कामावर देखरेख करणारी लीसबेथ हे ऐकत होती. ती नंतर शलाकाला म्हणाली, “जुनी फीत लावता येणार नाही, नियम आहे. थेट गायचं नाहीतर बाहेर. मला वाईट वाटतं, पण त्यांचं नाव काढावं लागेल.”

“मला शनिवारपर्यंत वेळ द्या.”

“काही सुचलंय का?”

“नाही,” शलाका म्हणाली. “पण द्या.”

तिने पहिल्यांदा एलिसापीला एकटीनेच पुढे गायला सांगून पाहिलं. मीकाने ऐकत साथ करायची आणि दोन्ही आवाज शलाकाने इथे जुळवायचे. ऐकणाऱ्याला ते ठीक वाटलं असतं. पण एलिसापी मध्येच थांबली. “मला ती ऐकू येत नाही. मी भिंतीसमोर गातेय. भिंतीला हसू येत नाही.”

शलाकाने ती जुळणी पुसून टाकली.

शनिवारी सकाळी आर्याचा गाण्याचा क्लास होता. शलाकाची ही नऊ वर्षांची मुलगी खालच्या खोलीत टॅबलेटसमोर बसून पुण्याच्या सरलाताईंकडे शिकायची. सरलाताई तिकडे हाताने तीनताल धरायच्या, आर्या इकडून पलटे म्हणायची, आणि इतक्या महिन्यांत सम एकदाही जुळली नव्हती. आर्याचा सूर नेहमी अर्ध्या मात्रेने मागे. त्या दिवशी मध्येच चित्र गोठलं, थोडा वेळ काहीच हललं नाही, मग सुरू झालं. आणि सरलाताई एकदम म्हणाल्या, “अगं, आज सम कशी बरोबर आली?”

“आय डोन्ट नो,” आर्या म्हणाली.

भाजी चिरत बसलेली शलाका सुरी तशीच हातात घेऊन उठली. “सरलाताई, आत्ता कितवा पलटा ऐकू आला तुम्हाला?”

“चौथा.”

“ही पाचवा म्हणतेय.”

“म्हणजे आख्खं आवर्तन मागे आहे होय मी?” सरलाताई हसल्या. “मला कळलंसुद्धा नाही.”

शलाका जिने चढत माळ्यावर गेली. उशीर काढून टाकता येत नव्हता. पण वाढवता तर येत होता! सेकंदाचा उशीर गाणं मोडत होता. तोच उशीर बरोबर एका आवर्तनाएवढा लांबवला, तर दुसरीचा श्वास फटीतच पडेल. या फटीत नाही, पुढच्या फेरीतल्या त्याच फटीत. ऐकणाऱ्यांसाठी दोघींचे आवाज ती स्वतः एकमेकांत बसवून देणार. बहिणींच्या गाण्याची एक फेरी तिने घड्याळ लावून मोजली. दोन सेकंदांना थोडी कमी.

दुपारी तिने दोघींना बोलावलं. “एलिसापी, तुम्हाला मीका ऐकू येईल, पण एक फेरी आधीची. मीकालाही तसंच.”

“म्हणजे मी तिच्या भूतकाळाबरोबर गायचं?”

“दोन सेकंदांच्या. बदल केलात की तो तिला पुढच्या फेरीत कळेल. तेवढं सांभाळून घ्यायचं.”

मीका पहिल्यांदाच बोलली. “करून बघू.”

पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा शलाकाने उशीर किंचित कमी केला आणि श्वास फटीत जाऊन बसला. मग पुढच्याही फटीत. मीकाचे डोळे मोठे झाले, पण ती थांबली नाही. पूर्ण एक मिनिट दोघी गात राहिल्या. लीसबेथने पडद्याखालच्या चॅटमध्ये नुसतं लिहिलं, ‘नाव राहू दे.’

स्पर्धा रविवारी संध्याकाळी पाचला होती. आर्या आणि सुबोध माळ्याच्या पायऱ्यांवर बसले होते. पहिले सहा गायक व्यवस्थित पार पडले. सातव्या क्रमांकावर बहिणी उभ्या राहिल्या, गाणं उचललं, आणि अर्ध्या मिनिटाने मीकाचं चित्र गेलं. आवाज येत होता, पण लिंक मंदावली होती. शलाकासमोरचा उशिराचा आकडा सरकायला लागला: दीड सेकंद, पावणेदोन, मग दोनच्या वर. एक आवर्तन आता पुरणार नव्हतं.

“काय झालं?” सुबोधने हळूच विचारलं.

“स्टिल, पापा!” आर्याने त्याला डचमध्ये गप्प केलं.

शलाकाने विचार केला नाही. तिने उशीर दुप्पट करून दोन आवर्तनांवर नेला. मधल्या एका फेरीत एलिसापीला काहीच ऐकू आलं नसणार. तिची भुवई हलली. ती रिकाम्या जागा तशाच सोडत एकटी गात राहिली आणि मग मीकाचा श्वास परत आला, बरोबर फटीत. एलिसापीने वेग वाढवला. चार सेकंदांनी मीकाने वाढवला. शलाकाचे हात दोन सरकत्या कळांवर होते आणि ती डोळे मिटून, नुसती कानाने जुळवत होती.

शेवटी मीका हसली. ते हसू एलिसापीपर्यंत पोचायला चार सेकंद लागले. तेवढा वेळ ती गंभीर चेहऱ्याने गात होती, आणि मग तिलाही हसू फुटलं. पायऱ्यांवर आर्यासुद्धा हसत सुटली.

पहिला क्रमांक नॉर्वेतल्या एका सामी तरुणाला मिळाला. त्याचं गाणं खरंच सुंदर होतं. बहिणी तिसऱ्या आल्या. निकालानंतर लीसबेथने फोन केला. “दोन आवर्तनं कधी ठरवलीस?”

“तिथेच.”

“मला सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं,” लीसबेथ म्हणाली. मग तिने विचारलं, “एप्रिलपासून आमच्याकडे कायमची येशील का? डचमध्येच बोलतेय आपण, तुझ्या लक्षात आलंय ना?”

शलाकाच्या ते खरंच लक्षात आलं नव्हतं. ती “हो” म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर सुबोधकडे बघून पुन्हा एकदा मराठीत “हो” म्हणाली.

बाकीचे गायक एकेक करून निघून गेले होते. पडद्यावर दोनच चौकटी उरल्या. मीकाचं चित्र परत आलं होतं.

“आम्ही जरा वेळ थांबलो तर चालेल?” एलिसापीने विचारलं. “आमच्याकडे दुपार आहे. आणि आमच्या घरची लिंक इथल्या, दवाखान्या-शाळेतल्या लिंकइतकी चांगली नसते.”

“हवं तेवढं थांबा.”

शलाकाने स्वतः वाढवलेला उशीर शून्यावर आणला, स्वतःचा आवाज बंद केला आणि हेडफोन टेबलावर ठेवला. त्यातून दोघींचं बोलणं बारीक ऐकू येत होतं, त्यांच्या भाषेत, एकमेकींना तोडत, मध्ये थांबत. ती चहा टाकायला खाली गेली.