डोळे मिटून बसायचा तास

तिसरीच्या बाईंना डोळे मिटून बसणं मुळातच जमायचं नाही. तरी शाळेने मनःशांतीचा तास सुरू केल्यापासून त्या रोज सकाळी मुलांबरोबर मुकाट बसत. बाहेरून शिकवायला येणाऱ्या ताईंची तशी सक्त सूचनाच होती. शिक्षकांनी डोळे मिटले नाहीत तर मुलं कशाला मिटतील? ताई पितळेच्या वाटीवर दांडी मारत, नाद घुमे, आणि तो पुरता विरला की मुलांनी हात वर करायचा.

एक मुलगी कधीच हात वर करायची नाही. सगळे तिला ठिणगी म्हणत. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं, पण केसांखाली दोन्ही कानांमागे मशीन असलं की वर्गात कुणी कुजबुजलेलंही तिला कळे. ही ठिणगी ऐन शांततेत मागच्या बाकावरच्या मुलाला ढकलायची, कधी बोचकारायची. मग ताई तिला दंडाला धरून शांत कोपऱ्यात नेत. तिथे एक उशी होती आणि चमकी भरलेली पाण्याची बाटली. बाटली हलवायची आणि चमकी तळाशी बसेपर्यंत श्वास मोजायचे. मुलीच्या रागाकडे लक्ष द्या, असा निरोप घरीही गेला. आई बिचारी जेवणाआधी तिला श्वास मोजायला लावू लागली.

एका सकाळी बाईंना ठसका लागला आणि डोळे उघडले. बघतात तर मागच्या मुलाने हात लांब करून ठिणगीच्या दोन्ही कानांमागची मशीनं अलगद काढली आणि बुटात टाकली. अगदी सराईत हाताने. ठिणगी वळली, तिने त्याला ढकललं, आणि ताईंनी डोळे उघडले ते नेमके तेव्हा.

“कोपऱ्यात,” ताई म्हणाल्या.

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी मुलाला बूट काढायला लावला आणि मशीनं ठिणगीच्या हातात दिली. तिने ती स्वतःच लावली, सवयीने. रोज असंच होतं आणि तास संपला की तो ती बाकावर ठेवून देतो, हे शेजारच्या मुलींनी सांगितलं. बाईंनी तिला विचारलं, तू बोलली का नाहीस?

“ताईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आधी श्वास घे, मग बोलू.”

“मग?”

“मग मी श्वास घेतला. तोवर त्या दुसऱ्या वर्गावर गेल्या.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीचे कान काढून घेतले तिलाच नाद ऐक म्हणायचं, आणि ती चिडली तर वर तिच्याच रागावर औषध!

मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगा संस्थेच्या अध्यक्षांचा नातू होता. त्याच्याही मनात काही खळबळ असेल, दोघांनाही कोपऱ्यात बसवू, आईला उगाच कळवायला नको, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि आता म्हणे चोराबरोबर,” बाई म्हणाल्या. “तिचा राग बरोबर आहे, मॅडम. तो घालवायचा नाही. ऐकायचा.”

दुपारी त्यांनी ठिणगीच्या आईला आणि मुलाच्या आजोबांना स्वतः फोन करून बोलावलं. आजोबा आधी हसले, पोरं खोड्या करायचीच. बाईंनी त्यांना दोन्ही कानांत बोटं घालून बसायला सांगितलं आणि समोर काहीतरी बोलत राहिल्या. आजोबांनी बोटं काढली तेव्हा ते हसत नव्हते. मुलाने खाली मान घालून माफी मागितली.

“मी अजून माफ केलं नाही,” ठिणगी म्हणाली.

आजोबा काही बोलणार, तोच बाई म्हणाल्या, “नको करूस. घाई नाही.”

आईने मुलीला जवळ ओढून विचारलं, अगं, मला तरी सांगायचंस. ठिणगी म्हणाली, तू पण श्वासच मोजायला लावत होतीस ना. आईने तिथेच, सगळ्यांसमोर, लेकीची माफी मागितली. ती मात्र ठिणगीने लगेच दिली.

बाईंना लेखी ताकीद मिळाली: नियोजित उपक्रमात अडथळा आणल्याबद्दल. त्यांनी सही करून कागद परत दिला. दुसऱ्या दिवसापासून त्या तासाला डोळे उघडे ठेवून वर्गामागे उभ्या राहू लागल्या. ताईंनी दोनदा हटकलं, नंतर नाद सोडला.