दोन बोटांची जागा

जे दोघांच्या मर्जीने, दोघांच्या दाराआड घडते, त्याचा न्याय करण्याचा अधिकार तिसऱ्याला नाही; त्यात कोणाचे अंग दुखावले, तर ते बरे करावे, एवढेच तिसऱ्याचे कर्तव्य. आणि जे एकाच्याच मर्जीने घडते, ते मुकाट पाहत बसण्याचा अधिकारही तिसऱ्याला नाही. लातूरच्या एका खासगी इस्पितळात रविवारी सकाळी या दोन्ही गोष्टींची उलटापालट झाली. ती पाहून परिचारिका ज्ञानेश्वरीबाईंना राग आला नाही. रागावण्यासाठी समोरच्याला काही किंमत द्यावी लागते.

"सिस्टर, या की लवकर! असला पेशंट जन्मात पाहिला नसंल तुम्ही," भागवत मलमपट्टीच्या खोलीत डोकावून म्हणाला. चोवीस वर्षे परिचराची नोकरी झालेला, नातवंडे असलेला माणूस. पण हसू त्याला आवरत नव्हते. "बायकूनं नवऱ्याला बांधून घातलंय. बैलावानी!"

बाकावर तिशीतला एक तरुण खाली मान घालून बसला होता. त्याच्या दोन्ही हातांवर टॉवेल होता. शेजारच्या मुलीची सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि ती एकसारखी टॉवेलाचे टोक सारखे करीत होती. ज्ञानेश्वरीबाईंनी टॉवेल उचलला. कपडे वाळत घालायची हिरवी नायलॉनची दोरी दोन्ही मनगटांत रुतून बसली होती. बोटे सुजून जांभळी पडली होती.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास," मुलगी म्हणाली. "पलंगाकडची गाठ सुटली, मनगटांची सुटेना. सुरीनं कापायची हिंमत झाली नाही."

"सुरी लावली न्हाई, हे शहाणपणाचं केलं."

बाईंनी पट्टी कापायची बोथट टोकाची कात्री घेतली, तिचे चपटे पाते कातडी आणि दोरी यांच्यामध्ये अलगद सरकवले आणि तीन ठिकाणी दोरी तोडली. तेवढ्यात मागे मोबाइलचा आवाज झाला. भागवतने फोटो काढला होता.

कामावरचे डॉक्टर आले. त्यांनी बोटे हलवून पाहिली, नाडी पाहिली, कागदावर दोन ओळी लिहिल्या.

"खेळ अंगाशी आला म्हणायचा," ते म्हणाले. "अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवता ना? मुलांनाही हाच अभ्यासक्रम लावलाय का?"

डॉक्टरांचे शिक्षण मोठे होते. भागवतचाच विनोद त्यांनी शुद्ध भाषेत केला, एवढा त्याचा उपयोग झाला. हसत हसत ते चहाला निघून गेले.

ज्ञानेश्वरीबाईंनी तरुणाला मलमपट्टीच्या खोलीत घेतले, मुलीला बाहेर बसवले आणि पडदा ओढला.

"नाव काय दादा?"

"श्रीनाथ. ती मुग्धा, माझी बायको."

"आता इथं कोणी न्हाई. खरं सांगा. हे तुमच्या मर्जीनं झालं का? नको म्हणाला असता, तर त्या थांबल्या असत्या का?"

श्रीनाथने प्रथमच मान वर केली. आल्यापासून या इस्पितळात त्याची मर्जी कोणी विचारली नव्हती. सगळ्यांपाशी उत्तरे तयार होती.

"मीच म्हणालो होतो, मॅडम. आम्ही आधी बोलून ठरवतो. 'बस' म्हटलं की ती लगेच सोडते. आजही मी ओरडलो. पण खाली मोटार चालू होती, तिला ऐकू गेलं नाही."

"कसली मोटार?"

"नळाला पाणी आलं ना. आठव्या दिवशी."

ज्ञानेश्वरीबाईंच्या ओठाची कड हलली. पाणी आले की लातूरचा माणूस हातातला घास ताटात टाकून उठतो. मुग्धाही नवऱ्याला पलंगाच्या कठड्याला बांधलेला ठेवून हौद भरायला धावली होती. अर्धा तास मोटार घरघरत होती. दोरी गच्चीवरून नुकतीच काढलेली, ओली. तो जितका ओढायचा, तितकी गाठ आवळत जायची.

"अंगठा बधिर झालाय, मॅडम," श्रीनाथ म्हणाला. "पण ते राहू द्या. त्या मामांनी फोटो काढलाय. माझं शिक्षण नांदेडचं, विष्णुपुरीच्या कॉलेजातलं. निम्मे मित्र तिथं, निम्मे इथं. फोटो संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत फिरेल. मला हसतील, एवढंच. तिला मात्र लोक काय काय म्हणतील. ती बँकेत काउंटरवर बसते, रोज शंभर माणसांपुढं."

बाई बाहेर आल्या. भागवत औषधांच्या खिडकीपाशी मोबाइल चोळीत उभा होता.

"तो फोटो दाखवा."

"गंमत हो सिस्टर! टाकला न्हाई अजून. आत्ता टाकायलोच होतो. आपल्या ग्रुपवर लई दिवसांत कायच न्हाई."

"मागच्या महिन्यात हाडांच्या वॉर्डात अकरा नंबरला बाई होती. नवऱ्यानं हात पिरगाळून मोडला होता. तिचा काढला होता का फोटो?"

"ते घरचं भांडण हाय. त्याच्यात काय काढायचं?"

"हाव. त्याच्यात हसण्यासारखं कायच नव्हतं. अन् इचारण्यासारखं बी कोणाला वाटलं न्हाई. तुमची हसायची जागा अन् गप बसायची जागा, दोन्ही मला पाठ झाल्यात, भागवत. पेशंटचा फोटो काढला म्हणून मेट्रनला लिहून देऊ, का आत्ता पुसता?"

पुवाने भरलेला बोळा उचलावा तसा त्यांनी त्याने पुढे केलेला मोबाइल दोन बोटांत धरला, फोटो पुसला, पुसलेल्या फोटोंच्या पेटीतूनही काढून टाकला आणि मग हात धुतले. भागवत साबणाचा फेस पाहत राहिला.

खोलीत मुग्धा नवऱ्याची बोटे चोळीत होती. ज्ञानेश्वरीबाईंनी कापसाचा बोळा त्याच्या अंगठ्यावरून फिरवला.

"हे कळतं का?"

"थोडं. मुंग्या आल्यासारखं."

"मुंग्या आल्या म्हणजे बरं. आठवड्यात बधिरपण उतरलं न्हाई, तर नसांच्या डॉक्टरांना दाखवा. अन् लाजून बसू नका." मग त्यांनी सुती पट्टीची गुंडाळी उचलली आणि मुग्धाला जवळ बोलावले. "हात द्या बाई. आम्ही वॉर्डात बेभान पेशंटला बांधतो, त्याचीच रीत हाय ही. सुती, रुंद, कोरडं कापड. नायलॉन न्हाई. रेशमी ओढणी बी न्हाई. तिची गाठ बसली की सुटत न्हाई."

मुग्धाच्या मनगटाभोवती पट्टी तीनदा फिरली. ज्ञानेश्वरीबाईंनी आपली दोन बोटे पट्टीखाली घातली.

"एवढी जागा ठेवायची. माझे वडील, भगवानराव, चाकूरला शेती करायचे. बैलाचं दावं बांधून झालं की बोटं घालून बघायचे. म्हणायचे, जनावर बोलत न्हाई, आपल्याला इचारावं लागतं. माणूस बोलतो, तरी इचारायचं. नखं बघायची, हात गार पडला का बघायचं. गळ्याला कायच बांधायचं न्हाई. निरगाठ मारायची न्हाई, सुरगाठ मारायची. हे टोक ओढा."

मुग्धाने टोक ओढले. पट्टी एका झटक्यात गळून पडली.

"अन् ही कात्री घेऊन जा, जुनी हाय. उशाशी ठेवायची. बांधलं की खोलीतून उठायचं न्हाई. नळाला पाणी येऊ द्या, दारात पाव्हणे येऊ द्या."

मुग्धा हसली आणि हसता हसता रडू लागली. "तुम्हाला किळस नाही आली आमची?"

"किळस यायची ठिकाणं दुसरी हायेत, बाई."

ज्ञानेश्वरीबाईंनी कापलेली दोरी कचऱ्याच्या डब्यात टाकली. सव्वीस वर्षांपूर्वी अशाच एका खोलीत त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर घातले गेले होते. सासूबाईंनी 'न्हाणीत पाय घसरला' असे सांगितले आणि डॉक्टरांनी ते तसेच लिहून घेतले. नवरा बाहेर बाकावर बसून होता. त्याला कोणीतरी चहाही दिला. कोणी हसले नाही. कोणी पडदा ओढून विचारलेही नाही. हाड किंचित वाकडे जुळले. आता तो माणूस भिंतीवर चंदनाच्या हारात आहे, आणि त्याच्या वर्षश्राद्धाला येणारी मंडळी त्याला फार सज्जन म्हणतात. वाकड्या हाडावर त्या घड्याळ बांधतात.

श्रीनाथ आणि मुग्धा रिक्षाकडे निघाले. त्याला चपलेचा पट्टा लावता येईना. मुग्धाने रस्त्यातच खाली बसून तो लावला. पानाच्या टपरीवरची माणसे पाहत राहिली, मुग्धा उठली नाही.

खिडकीतून ज्ञानेश्वरीबाईंनी ते पाहिले. मग घड्याळाचा पट्टा एका घराने सैल केला आणि त्याखाली डाव्या हाताची दोन बोटे घालून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"सुखी राहा रे बाळांनो," त्या पुटपुटल्या. "इचारत राहा एकमेकांना."