छाटणीचा मान

आमच्या भागातल्या उद्यानप्रेमी मंडळाचा अध्यक्ष दातांचा डॉक्टर आहे. एवढं सांगितल्यावर शहाण्या माणसाला पुढचं सगळं कळायला हवं. पण मंडळात शहाणं माणूस शोधून सापडत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मंडळाचं महिन्याचं पत्रक माझ्याकडेच टाईप होतं. वरच्या अर्ध्या भागात 'मंडळाच्या घडामोडी', म्हणजे कोण कोणाच्या गच्चीवर जाऊन चहा-बिस्किटं खाऊन आलं. खालच्या अर्ध्यात 'या महिन्यात बागेत काय कराल', म्हणजे दातवाल्याच्या डोक्यातून त्या आठवड्यात जे सांडलं ते. संध्याकाळी पाणी घालू नका, झाडाला सर्दी होते. कुंडीचं तोंड पूर्वेला ठेवा. (कुंडीचं तोंड वर असतं हो! पण सांगणार कोण?) फांदी कापल्यावर जखमेला टूथपेस्ट लावा. काडी रुजवायची असेल तर आधी माउथवॉशमध्ये बुडवून ठेवा, जंतू मरतात.

जंतू मरतात हे खरं आहे. काडीही मरते. पण मंडळात कोणाची काडी मेली की दोष काडीचा. तिची श्रद्धा कमी पडली असं समजायचं.

या माणसाला कोणी उलट का विचारत नाही, याचं कारण साधं आहे. अर्ध्या सभासदांचे दात त्याने काढलेत आणि उरलेल्यांचे बसवलेत. ही मंडळी त्याच्यासमोर तोंड उघडतात ती फक्त त्याच्या खुर्चीत. मंडळाची सेक्रेटरी विम्याची एजंट आहे. बाई बोलायला लागली की समोरच्याला आपण उद्या मरणार असं वाटायला लागतं, पण दातवाल्यासमोर तिची जीभ लोण्याची होते. "डॉक्टरसाहेब, तुमचा हात लागला की झाडसुद्धा हसतं बघा!"

आणि या कळपात माझे सासरे. नाना. वीज कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून मान हलवली, ती निवृत्तीनंतर थांबेना. हलवायला नवीन टेबल हवं होतं, ते मंडळात मिळालं. सभेला कोट घालून जायचे. तोंडातली कवळी दातवाल्यानेच बसवलेली. राग आला की ती कटकन वाजायची, आणि तेवढंच. पुढे शब्द नाही.

पण नानांकडे एक गुलाब होता. त्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही.

त्यांच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्याच्या मागे तो वाढायचा. बंगला पाडायचं ठरलं तेव्हा नाना गडबडीने जाऊन एक फांदी घेऊन आले आणि परसात तिचं कलम केलं. पट्टी बांधताना बुंधा मी धरला होता, म्हणून मला ते ठाऊक आहे. रानटी, दणकट गुलाबाचा बुंधा घ्यायचा, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीत चांगल्या गुलाबाचा एक डोळा बसवायचा. डोळा फुटला की वरचा रानटी भाग कापून टाकायचा. मग मुळं खुंटाची आणि फुलं आपली. दोघं जिथे जुळतात तिथे गाठ येते. गाठीच्या वर हवं ते कापा. गाठीच्या खाली कापलं, की आपला गुलाब संपला आणि खुंट मोकाट.

फूल जुन्या पितळेच्या रंगाचं होतं, आणि वास लवंगेच्या जवळचा. कुठल्याही नर्सरीत असलं झाड मिळालं नाही. बंगला गेला, तिथलं झाड गेलं. जे काही होतं ते आमच्या परसात. सासूबाई गेल्यावर नाना घरात कोणाशी धड बोलत नव्हते, पण झाडाशेजारी त्यांनी खुर्ची टाकलेली असायची, आणि सकाळी त्या झाडापाशी उभे राहून काहीतरी पुटपुटायचे. काय ते मी कधी ऐकायला गेले नाही.

दातवाल्याला मात्र त्या फुलाचा वास कधी आला नाही. दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलात त्याचं नाक पार मुरलेलं होतं.

मंडळात दरवर्षी 'छाटणीचा मान' असतो. एका सभासदाच्या बागेत सगळे जमतात आणि अध्यक्ष सगळ्यांसमोर त्याचं सर्वांत लाडकं झाड छाटतो. छाटताना कोणी बोलायचं नाही, साहेबांची एकाग्रता मोडते. झाल्यावर टाळ्या. मग छाटलेल्या काड्या आठवण म्हणून वाटून घ्यायच्या. नाना या मानासाठी वर्षानुवर्षं झुरत होते. शेवटी विमावाली दारात येऊन किंचाळली, "नाना, यंदा तुमचा नंबर!"

मी म्हटलं, "नाना, जास्वंद दाखवा. गुलाब नको."

"लाडकं झाड असा नियम आहे."

"त्यांना काय कळतंय लाडकं कोणतं?"

"मला कळतं ना," म्हणाले आणि कोट इस्त्रीला टाकला.

रविवारी सकाळी परसात पाय ठेवायला जागा नव्हती. दातवाला पांढरे हातमोजे घालून आला. झाडाभोवती फिरला, गुडघ्यावर बसला, बुंध्याशी बॅटरीचा उजेड मारला. भर उन्हात! सवय, दुसरं काय.

"ही गाठ बघा," तो म्हणाला. "हा ट्यूमर. हा इतकी वर्षं झाडाचं रक्त पितोय. दात किडला तर वरवर घासून चालतं का? मुळाशी जावं लागतं."

"डॉक्टर, ती कलमाची गाठ आहे," मी म्हणाले.

"श्शू!" विमावाली. "सूनबाई, छाटणी चालू आहे."

"अहो, झाड मरेल. नाना, तुम्ही सांगा."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. कवळी कटकन वाजली. मला वाटलं, आता बोलतील. इतकी वर्षं सकाळी उठून ज्याच्यापाशी उभं राहिलात त्याच्यासाठी एक वाक्य तरी बोलाल की नाही!

"साहेबांनी बघूनच ठरवलं असेल," नाना म्हणाले. आणि मान हलवली.

दातवाल्याने करवत मागितली. गाठीच्या बोटभर खाली लावली. झाड आडवं झालं. टाळ्या पडल्या. नानांनीही वाजवल्या; मी बघत होते, तळहात तळहाताला लागत नव्हते, पण वाजवल्या.

फांद्या वाचवाव्या म्हणून मी पुढे झाले तर दातवाल्याने त्यांचे तुकडे करून माउथवॉशच्या टबात केव्हाच बुडवले होते. निळ्या पाण्यात हिरव्या काड्या. प्रत्येकाने टिपून एकेक घेतली. एक तुकडा फक्त कोरडा गेला. ड्रॉइंगचे रिटायर्ड मास्तर मंडळात निव्वळ चहासाठी येतात आणि उभं राहायचा त्यांना जन्मजात कंटाळा. टबाची रांग बघून त्यांनी जमिनीवरची एक काडी उचलली, तिने पाठ खाजवली आणि सटकले.

टबातल्या उरलेल्या काड्या मी धुऊन लावल्या. सगळ्या काळ्या पडल्या. बाकीच्यांच्याही पडल्या. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, एक झाडच ते." त्याला त्या दिवशी मी जेवायला वाढलं नाही, एवढंच इथे लिहिते.

बुंध्याला फुटवा आला. पहिलं पान उघडलं तशी नानांनी त्यातली बारकी पानं बोटाने मोजली, पाचाच्या जागी सात भरली, आणि खुर्ची उचलून परसातून घरात आणली. त्यानंतर ते सकाळी परसात गेले नाहीत. रानटी पान होतं. खुंट मोकाट सुटला होता. भराभर, कुंपणावरून पलीकडे गेला. मंडळी बघायला यायची. "काय जोर! काय जोर धरलाय!" पत्रकात ठळक अक्षरात आलं: 'मरणासन्न गुलाबाला अध्यक्षांच्या छाटणीने जीवदान.' ते टाईप मीच केलं. मजकूर त्यांचा, शाई माझी.

पुढच्या वर्षी खुंटाला फुलं आली. पांढरी, बारकी, बिनवासाची, घोसाघोसाने. कुठल्याही बांधाकुंपणावर फुकट बघायला मिळतील तशी. विमावालीने ती पाहून छातीवर हात ठेवला. "नाना, नवीन जात! प्रदर्शनात आणायचीच. कप तुमचा."

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये होतं. परीक्षक बाहेरचा हवा असा नियम, म्हणून दातवाल्याचा साडू आला होता. त्याचं फरशांचं दुकान. फुलांच्या टेबलावर नानांचा घोस बरणीत ठेवला होता आणि त्यापुढे 'प्रथम' लिहिलेलं कार्ड. नाना कोट घालून आले होते. येऊ नका म्हणाले होते मी. "बोलावलंय," म्हणाले.

भाज्यांच्या टेबलाच्या अगदी टोकाला रंगाचा जुना डबा होता. त्यात मरतुकडी मिरची. शेजारी मास्तर खुर्चीत डुलकी काढत होते. डब्यापुढे कार्ड ठेवलं होतं: 'तण वाढलेले. अपात्र.'

स्टेजकडे जाताना नाना त्या टेबलापाशी थांबले. त्यांनी नाक वर केलं. मग मलाही आला. लवंग.

मिरचीला बांधलेल्या काडीला पानं होती, आणि पानांच्या वर एक फूल. छोटंसं, किंचित वाकडं. जुन्या पितळेच्या रंगाचं.

"मास्तर," मी त्यांना हलवलं, "ही काडी कुठली?"

"कुठली म्हणजे? तुमच्याकडचीच. मिरचीला टेकू हवा होता, खोचली. पालवी फुटली, म्हटलं फुटू दे बापडी. उपटायला वाकावं लागतं."

"माउथवॉश? टूथपेस्ट?"

"मी स्वतःला लावत नाही रोज," मास्तर म्हणाले.

माइकवरून नानांचं नाव पुकारलं. ते गेले. मला वाटलं, घेतील कप आणि हलवतील मान. माझी त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा उरली होती. दातवाल्याने कप हातात दिला, फोटो झाला, विमावालीने माइक पुढे केला. "नाना, दोन शब्द. डॉक्टरसाहेबांविषयी."

कवळी कटकन वाजली. माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेली.

"ही फुलं माझी नाहीत," नाना म्हणाले. आवाज फाटका निघाला, वापरात नसलेला. "हा खुंट आहे. माझा गुलाब साहेबांनी गाठीखाली कापला. मला दिसत होतं. मी बोललो नाही. गुलाब मेला."

मी दातवाल्याच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता तरी या माणसाच्या मानेवरून थेंबभर घाम ओघळेल.

कसला घाम! विमावालीने डोळ्याला रुमाल लावला. "नाना भावुक झालेत!" आणि टाळ्या सुरू केल्या. दातवाल्याने माइक ओढून घेतला. "ऐकलंत ना? साधा खुंट होता. आपल्या पद्धतीने त्यालासुद्धा पहिलं बक्षीस मिळवून दिलं!" टाळ्यांनी छप्पर हललं. साडू तर उभा राहिला.

या लोकांना लाज वाटावी म्हणून काही करायला जाऊ नये. ती त्यांना कुठे ठेवायची हेच माहीत नसतं.

नाना खाली उतरले, थेट मास्तरांपाशी आले आणि कप पुढे धरला. "हा घ्या. डबा मला द्या."

"कप नको बुवा, पुसत बसावं लागतं," मास्तर म्हणाले. "डबा न्या खुशाल. मिरच्या मात्र माझ्या."

"आणून देतो."

नानांनी डबा छातीशी धरला. कोटाला गंजाचा डाग पडला, त्यांनी पाहिलाही नाही. डब्याच्या जागी कप ठेवला. कार्ड तिथेच होतं. कोणी हलवलं नाही, कारण कोणी वाचतच नव्हतं.

घरी आल्यावर खुर्ची पुन्हा परसात गेली. खुंट नानांनी स्वतः खणून काढला. मिरची काढून मास्तरांना नेऊन दिली, आणि गुलाब त्या जागी लावला.

छाटणीचे दिवस आले तसा दातवाला फाटकात हजर. मागे विमावाली आणि चार-दोन माना.

"नाना, ऐकलं की तो गुलाब तुमच्याकडे जगलाय. आपल्याच छाटणीतली काडी ना ती? म्हटलं एकदा नजर घालावी. गाठबीठ धरली नाही ना?"

नाना पाणी घालत होते. संध्याकाळ होती, झाडाला सर्दी होईल याची पर्वा न करता घालत होते. कवळी त्यांनी काढून खिडकीत ठेवली होती, त्यामुळे आधी काही वाजलं नाही.

"याला गाठ नाही," ते म्हणाले. "हा स्वतःच्या मुळांवर आहे. तुम्हाला कापायला इथे काही नाही. निघा."

"अहो, पण मान—"

"निघा म्हटलं ना."

दातवाला वळला. मग विमावालीला म्हणाला, "वय झालं." ती म्हणाली, "हो ना." माना हलल्या.

मी फाटकाला आतून कडी घातली. त्या महिन्याच्या पत्रकात छापून आलं की यंदाचा मान ड्रॉइंग मास्तरांना. सगळे तयारीनिशी त्यांच्या दारात गेले, बेल वाजवली, पुन्हा वाजवली. मास्तर घरातच होते. पण दार उघडायला उठावं लागतं.