दगडाबाईच्या दोरीवरचा लोहचुंबक

मित्रांनो, माझं वय अवघं सात वर्षांचं, तरी मला सगळे जुना लोहचुंबक म्हणतात. ज्यांना रोज नवं लागतं, त्यांच्या तोंडी दुसरा शब्द येणार तरी कुठून?

माझा जन्म दूर परदेशातला. जमिनीतून मोठ्या कष्टाने निघणाऱ्या दुर्मिळ खनिजांपासून मला घडवलं आणि जहाजाने, मग ट्रकने वाळूजच्या एका कारखान्यात आणलं. तिथे विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये मला चिकटवलं. मी बोटाच्या पेराएवढा, पण माझी भावंडं आणि मी मिळून दोन धडधाकट माणसं ओढत होतो. लोकांनी कौतुक केलं ते स्कूटरच्या रंगाचं.

चार वर्षांत स्कूटर भंगारात गेली. बजाजनगरच्या फारूख भंगारवाल्याने हातोड्याने मोटर फोडली, तांबं काढून घेतलं आणि मला कचऱ्यात भिरकावलं. त्याच्यावर माझा राग नाही. शिकल्यासवरल्या साहेबांनीही तेच केलं असतं, फक्त आधी चहा मागवला असता.

मला उचललं रस्त्यावर भंगार वेचणाऱ्या दगडाबाईने. फडक्यात गुंडाळून तिने मला दोरीला बांधलं आणि कारखान्यांच्या रस्त्यांवरून धुळीत ओढायला लागली. पडलेले खिळे, वायसर, लोखंडाचा कीस मी गोळा करायचो. तिची चूल त्यावर पेटायची. संध्याकाळी ती मला पदराने पुसायची. एवढा मान मला कारखान्यात कधी मिळाला नव्हता.

मग परदेशातून चुंबक येणं थांबलं. मोठमोठी यंत्रं माझ्यासारख्या चिमुकल्या तुकड्यांवाचून ठप्प झाली. दगडाबाईचा नवरा पुंजाराम त्याच स्कूटरच्या कारखान्यात ठेक्यावर होता. त्याला घरी बसवलं. साहेबांना कुणी घरी बसवलं नाही. ते मीटिंगा घेत होते.

एक दिवस खरेदी विभागाचे काकासाहेब नाकाला रुमाल लावून फारूखच्या दुकानात आले. जुने चुंबक शोधत होते. दगडाबाई तेव्हा तिथेच दिवसभराचे खिळे विकत होती. माझ्यावर नजर पडताच त्यांनी हात पुढे केला.

"साहेब, ह्यो नेला तर म्या खिळं येचू कशानं?" दगडाबाईने विचारलं.

"आठ दिवसांत परत देतो. इथेच चुंबक मिळतात हे वरच्यांना दाखवलं, की लाइन सुरू. पुंजारामला सगळ्यांत आधी बोलावू."

फारूख हळूच म्हणाला, "नको देऊ, भाभी. ये लोगां का काय भरोसा नाय."

दगडाबाईने दातांनी दोरीची गाठ सोडली. "आमच्या मालकाचं काम लागंल तर घेऊन जा," म्हणाली.

काकासाहेबांनी मला वरच्यांना दाखवलं. फोटो निघाला, टाळ्या झाल्या. माझी ताकद मात्र कुणी तपासलीसुद्धा नाही. दोन महिन्यांनी जहाज आलं, लाइन सुरू झाली. पुंजारामच्या जागी दुसराच माणूस उभा होता. आणि मी? काकासाहेबांच्या लोखंडी कपाटावर एक कागद धरून बसलोय. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कच्चा माल वाया घालवू नका.'

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. जपण्याची भाषणं इथे रोज ऐकतो. तुमच्यापैकी कुणी या ऑफिसात आलाच, तर तो कागद खुशाल खाली पडू द्या आणि मला खिशात घाला. दगडाबाईला शोधावं लागणार नाही. कारखान्याच्या गेटाबाहेर ती वाकून हाताने खिळे वेचत असते.